लंकेचं बाकडं

"मागच्या भिंतीला ऐकू गेलं पाहिजे," आबा म्हणाले. "माणसांना नव्हे, भिंतीला. म्हण पुन्हा."

मी ओट्यावर सावधान उभी राहून पुन्हा सुरुवात केली. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो! शेजाऱ्याच्या घराला आग लागली असताना जो नुसता हात शेकत बसतो, तो शेजारी नव्हे..."

"हात शेकत म्हणताना हात दाखव की! तुझे हात काय कोठडीत आहेत?"

मी हात दाखवले. तेवढ्यात आतून आई म्हणाली, "आबा, आत्ता कुठं डोळा लागलाय बाळाचा. आग जरा हळू लावा."

आबा हसले नाहीत, पण आवाज उतरवला त्यांनी. मिशीवरून बोट फिरवलं आणि कुजबुजत म्हणाले, "शेवटचं वाक्य म्हण. कुजबुजत. पण छाती पुढं."

"जिथं अन्याय, तिथं माझा भारत," मी कुजबुजले.

"शाब्बास."

अठ्ठ्याऐंशी सालचा जानेवारी होता. मी पाचवीत होते. सातारा जिल्ह्यातली आमची निगडवाडी म्हणजे घरटी एक माणूस पलटणीत. शेतात राबणारे बहुतेक एकतर पेन्शनीतले नाहीतर भरतीची वाट बघणारे. आबा माझे आजोबा, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, एकाहत्तरच्या लढाईत बांगलादेशात जाऊन आलेले. आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, हवालदार, आदल्या ऑगस्टपासून लंकेत.

लंकेत तमिळ आणि सिंहली लोकांचं भांडण पेटलेलं होतं. दोन्ही देशांच्या सरकारांनी करार केला आणि तो पाळला जावा म्हणून आपली फौज तिकडं गेली. शांतिसेना म्हणायचे तिला. मग दिवाळीच्या आतच, ज्या लोकांच्या रक्षणाला गेलो म्हणायचं त्यांच्यातल्याच बंदूकवाल्यांशी लढाई जुंपली. यातलं मला फारसं कळत नव्हतं. वर्गातली पोरं विचारायची, "उजे, तुझ्या बापानं रावण बघितला का गं?" आणि मी ठसक्यात सांगायची, "बघितला. म्हातारा झालाय."

अण्णा रजेवर येणार होते आणि त्यांच्या येण्यावर घरातल्या दोन गोष्टी अडून होत्या. एक माझं सव्वीस जानेवारीचं भाषण. दुसरं बाळाचं बारसं. माझा भाऊ दसऱ्याच्या सुमाराला जन्मला, तो अण्णांनी पाहिलाच नव्हता. "बाप आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही," असं आईनं ठरवलं आणि गावातल्या बायकांचं सगळं ऐकून घेतलं. तीन महिन्यांचं पोर नुसतं बाळ्या म्हणून हाक खात होतं. आबांनी मात्र नाव नक्की केलं होतं. रणजित.

आमच्या गावाच्या सव्वीस जानेवारीबद्दल सांगायला हवं. झेंडावंदन शाळेच्या पटांगणात. त्या दिवशी सगळे माजी सैनिक कोटावर पदकं लावून येत आणि आपापल्या लढाईप्रमाणे बाकड्यांवर बसत. पहिलं बाकडं दुसऱ्या महायुद्धाचं. त्यावर आता एकटे धोंडीनाना उरले होते, इटलीत जाऊन आलेले. दुसरं बासष्ट-पासष्टचं. तिसरं एकाहत्तरचं, सगळ्यात भरलेलं आणि सगळ्यात ताठ. ज्यांच्या नोकरीत लढाईच झाली नाही ते मागं उभे राहायचे, मग ते सुभेदार मेजर का असेनात. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. पण चुकीच्या बाकड्यावर बसायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी पाटोळे गुरुजींना पेच पडला होता. ते संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले. "सुभेदार, तुमचे सर्जेराव येणार. त्यांना कुठं बसवायचं?"

"म्हणजे? लढाईतनं येतोय पोरगा."

"खरंय. पण लढाई म्हणावी तर नाव शांतिसेना. आणि एकाहत्तरच्या बाकड्यावर जागा नाही."

आबांनी पाय खाली सोडले. "नवं बाकडं मांडा. लंकेचं."

"एकट्यासाठी?"

"पुढल्या वर्षी भरंल."

गुरुजी जाताना माझ्याकडं वळले. "उज्ज्वला, भाषण पाठ झालंय, चांगलं आहे. पण त्यात एक उदाहरण स्वतःचं घाल. घोकलेलं लोकांना कळतं."

स्वतःचं उदाहरण कुठून आणायचं? मी ठरवलं, अण्णांकडून.

*

अण्णा आले तेव्हा उंबऱ्यात आईनं त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. ते बारीक झाले होते. गालाची हाडं वर आली होती. आबांच्या पाया पडले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग आईनं बाळाला पुढं केलं. अंघोळ घालून, पावडर लावून, डोळ्यात काजळ आणि गालावर हे एवढं मोठं तीट लावून तिनं त्याला सकाळपासून तयार ठेवलं होतं. आई तिटाच्या बाबतीत फार कडक. घरातल्या घरात असलं तरी बाळ बिनतिटाचं राहता कामा नये. तूप लावलेल्या वाटीवर धरलेलं काजळ ती डबीत भरून पदराला बांधून फिरायची.

"घ्या की," आई म्हणाली.

अण्णांनी बाळाकडं पाहिलं. पाहिलं म्हणजे गालाकडं पाहिलं. हात पुढं आले आणि थांबले.

"हात मळलेत प्रवासानं," ते म्हणाले आणि परड्यात गेले. तिथं बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला. परत आले ते टॉवेल खांद्यावर टाकून थेट शेताकडं गेले.

लीलाआत्या बारशासाठी आधीच येऊन राहिली होती. ती म्हणाली, "बाप्ये बावरतात गं वहिनी. नवं पोर हातात घ्यायचं म्हणजे त्यांना काचेचं भांडं वाटतं."

"उजाच्या वेळी नव्हते बावरले," आई म्हणाली. "तिला खांद्यावर बसवून वेशीपर्यंत नेली होती पहिल्याच दिवशी."

दुसऱ्या दिवशीही तेच. बाळ रडलं तर अण्णा पाळण्याची दोरी लांबून ओढायचे. दूध पिताना, झोपेत हसताना बघायचे. पण आई काजळाची डबी उघडायला लागली की उठायचेच. कधी बैलाला पाणी, कधी उगाच वाड्याबाहेर. आईच्या ध्यानात हे आलं नाही, माझ्या आलं. मला लहानपणापासून ही सवयच. घरात कोण कधी गप्प होतं, कुणाचा हात कशावर थांबतो, हे मी बघत बसायची.

आईनं मला चुलीपाशी बोलावलं. "उजा, अण्णा तुझ्याशी बोलतात ना? काय म्हणाले तर मला सांग."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल पण." भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "त्याला तीन महिने बिननावाचं ठेवलं, त्याचा राग आला असंल का गं त्यांना?"

मी मोठ्या माणसासारखी मान हलवली. आई माझ्याकडं सल्ला मागत होती, हे मला फार आवडलं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना आबांनी विषय काढला. "सर्जा, परवा झेंड्याला तुझा सत्कार आहे. चार शब्द बोल. पोरांना कळू दे."

"बोलायचं काय त्यात?"

"काय म्हणजे? शेजारी जळत होता, आपण विझवायला गेलो. हे बोल."

अण्णा भाकरी कुस्करत राहिले. "आबा, एकाहत्तरला तुम्ही गेलात तेव्हा लोकांनी काय केलं?"

आबांना एवढंच हवं होतं. त्यांनी ताट सरकवलं. "लोकांनी? अरे, लोक रस्त्याला दुतर्फा! बायका मुरमुरे घेऊन उभ्या. एका म्हातारीनं माझे पाय धरले. माझे! मी म्हटलं, माय, उठ. एक कोटी माणसं आपल्याकडं पळून आलेली, ती घरी गेली आमच्यामुळं. आणि आम्हीही घरी आलो. राहिलो नाही तिथं."

"आम्हालाही ओवाळलं," अण्णा म्हणाले. "पहिल्या दिवशी. हार घातले, कुंकू लावलं."

"मग!"

"मग तीच गल्ली. तीच माणसं. दारं बंद."

"त्याला त्यांची पोरं जबाबदार. बंदुका टाकायचं कबूल करून टाकल्या नाहीत."

"असंल. पण कबूल कुणी केलं होतं? तुम्हाला त्या लोकांनी बोलावलं, आबा. आम्हाला दोन सरकारांनी बोलावलं. त्या गल्लीतल्या माणसाला कुणीच विचारलं नव्हतं."

"आपलं सरकार काय परकं आहे? आपणच निवडून दिलंय. लोकांनी निवडलेल्या सरकारनं शेजाऱ्याकडं बघायचं नाही तर कुणी बघायचं?"

तेव्हा आई बोलली. ती जेवताना कधी मध्ये बोलत नसे. वाढता वाढताच म्हणाली, "मत मागायला आलेले तेव्हा हे बोलले नव्हते, आबा. मी होते ना ओट्यावर. पाण्याच्या टाकीचं बोलले होते."

लीलाआत्या फिस्सकन हसली. "आणि टाकीपण नाही झाली."

आबा चिडले. "तुम्ही दोघी गप्प बसा. सर्जा, तू मला सांग, न जाता बघत बसलो असतो आणि तिकडं माणसं मेली असती, तर?"

अण्णांनी त्यांच्याकडं पाहिलं. आवाज चढवला नाही त्यांनी. "तर आपल्याला झोप लागली नसती. तुमचं खरंय, आबा." मग ताटातलं उरलेलं न खाताच हात धुतला. "पण गेलो, तरीही लागत नाही."

*

दुसऱ्या दिवशी, पंचवीस तारखेला, मी अण्णांबरोबर शेतात गेले. हरभरा घाट्यांनी भरला होता. बांधावर बसून आम्ही डहाळे सोलून खात होतो. बोटांना आंबट-खारट आंब लागली होती. आजही हरभरा विकायला आलेला दिसला की मी पेंडी घेते आणि आधी बोटं चाटते. कोवळं ऊन होतं, लांब मोटारीचा पंप टुकटुकत होता, आणि अण्णा माझे एकटीचे होते. इतकं सुख मला पुन्हा कधी झालं असेल तर माझी मुलगी पहिल्यांदा छातीवर ठेवली तेव्हाच.

"म्हण तुझं भाषण," ते म्हणाले.

मी उभी राहून सगळं म्हटलं. हात शेकतानाचे हातही दाखवले. अण्णा ऐकत होते, मधेच एक घाटा फोडत होते.

"'तिथल्या लोकांनी आपल्या जवानांना पंचारतीनं ओवाळलं' हे आबांनी घातलं?"

"हो. खोटं आहे?"

"नाही. खरंय ते."

"मग मला एक उदाहरण द्या ना. गुरुजी म्हणाले स्वतःचं पाहिजे."

अण्णांनी आणखी एक घाटा फोडला. मला वाटलं नाहीच सांगणार. मग त्यांनी समोरच्या बाभळीकडं बघत सुरुवात केली.

"तिथं ताडाची झाडं फार. जिकडं बघशील तिकडं ताड. आमच्या चौकीसमोर एक घर होतं. ताडाच्या पानांचं कुंपण. एक आजी होती त्यात. ती आम्हाला ताडगोळे आणून द्यायची. भाषा काही कळायची नाही. ती तिचं बोलायची, मी माझं. मी म्हणायचो, आजी, ऊन लागतंय, आत जा. ती म्हणायची काहीतरी आणि हसायची. दात नव्हते."

"तिचं नाव काय?"

"कुणास ठाऊक. आजीच. तिच्या कडेवर बाळ असायचं. नातू असंल. चार-एक महिन्यांचं. पहिल्या दिवशी बघितलं तर त्याच्या गालावर हे एवढं तीट. कपाळावर पण. मला हसायलाच आलं. म्हटलं, अरे, हे तर आपलंच! तुझी आई लावते तस्सं. मी बोट लावून दाखवलं, माझ्या घरी पण. तिला कळलं बघ. लगेच बाळ माझ्या हातात दिलं."

"तुम्ही घेतलं?"

"घेतलं की. रोजच घ्यायचो मग. पहारा संपला की घ्यायचो. त्याला वाटायचं, बंदुकीचा पट्टा खायचा असतो."

मी हसले. अण्णाही थोडंसं हसले. घरी आल्यापासून पहिल्यांदाच. मला वाटलं, मिळालं आपलं उदाहरण.

"ते बाळ आता केवढं झालं असेल हो, अण्णा?"

त्यांच्या हातात एक डहाळा होता. त्याची पानं ते एकेक करून खुडत राहिले.

"तेवढंच आहे," ते म्हणाले.

मग पँट झटकून उठले. "चल, आई वाट बघत असंल."

वाटेनं मी विचार करत होते. तिकडची बाळं हळूहळू वाढत असतील. लंका खाऱ्या पाण्यात आहे ना, म्हणून. अण्णांनी आपल्याला सगळ्यात चांगली गोष्ट सांगितली आहे. आईला सांगायचं कबूल केलं होतं, पण मी सांगितलं नाही. उद्या भाषणातच ऐकू दे सगळ्यांना, म्हटलं. अण्णा तिथं किती लाडके होते ते आबांना पण कळू दे.

*

सव्वीस तारखेला पटांगण शेणानं सारवलेलं, रांगोळी, पताका. बाकडी मांडलेली. सगळ्यात शेवटी, पोरांच्या रांगेजवळ, पहिलीच्या वर्गातलं एक बुटकं बाकडं ठेवलं होतं. दुसरं रिकामं नव्हतं. त्यावर अण्णा एकटे बसले होते. गुडघे वर आलेले, हात मांडीवर. त्यांच्या कोटावर अजून लंकेचं काही नव्हतं.

धोंडीनाना पहिल्या बाकड्यावरून ओरडले, "सर्जा, तू पण एकटा, मी पण एकटा! ये की इकडं!"

"नियम आहे, नाना," एकाहत्तरच्या बाकड्यावरून आबा म्हणाले.

"अरं, नियम मीच केलाय. माझ्या बाकड्यावर गर्दी व्हायची तवा, आता कसली गर्दी!"

सगळे हसले. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं. सरपंचांनी अण्णांना शाल आणि नारळ दिला. "चार शब्द," सरपंच म्हणाले. अण्णांनी हात जोडले आणि परत बाकड्यावर जाऊन बसले. आबांची मान ताठ झाली, ती रागानं होती हे मला लांबूनही कळलं. तेवढ्यात गुरुजींनी माझं नाव पुकारलं.

मी उभी राहिले. आई बायकांत बसली होती, बाळाला मांडीवर घेऊन. मी मागच्या भिंतीकडं बघून सुरू केलं आणि भिंतीला ऐकू गेलं. हात शेकले. टाळ्या पडल्या. आबांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. "तिथल्या लोकांनी आपल्या जवानांना पंचारतीनं ओवाळलं!" मी म्हटलं, आणि थांबले. आबांचे ओठ पुढं गेले होते.

"मी माझ्या घरचं उदाहरण सांगते," मी म्हटलं. "माझ्या अण्णांच्या चौकीसमोर एक आजी होती. ती जवानांना ताडगोळे द्यायची. तिच्या बाळाच्या गालावर आपल्यासारखंच तीट असायचं. ते बाळ रोज माझ्या अण्णांच्या कडेवर बसायचं आणि बंदुकीचा पट्टा खायचं. मी अण्णांना विचारलं, ते बाळ आता केवढं झालं असेल? तर अण्णा म्हणाले, तेवढंच आहे."

मी टाळ्यांसाठी थांबले.

टाळ्या पडल्या नाहीत. पोरांनी इकडं तिकडं पाहिलं. बायकांमध्ये कुणीतरी "अगं बाई" म्हणाली, ते अगदी बारीक आवाजात. बाकड्यांवरची सगळी पदकं एकदम हलायची थांबली. धोंडीनाना डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, काहीतरी विसरलंय आपण. गुरुजी पुढचं वाक्य सुचवायला तोंड उघडून तसेच राहिले.

अण्णा खाली बघत होते. मांडीवर नारळ होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, बाळाला धरतात तसा.

मग आबा उठले. माझ्याकडं नाही, अण्णांकडं चालू लागले. एकाहत्तरचं बाकडं सोडून, लोकांमधून, काठी न टेकता. त्या बुटक्या बाकड्यापाशी जाऊन ते बसले. दोघांच्या मानानं ते फार लहान होतं. आबांना एक पाय लांब करावा लागला. ते काहीतरी म्हणाले. अण्णांनी काहीतरी उत्तर दिलं. मग आबांनी अण्णांच्या मांडीवरचा नारळ काढून आपल्या मांडीवर घेतला.

मला अजून एक वाक्य म्हणायचं होतं. सगळ्यात जोरात म्हणायचं होतं ते. मी आबांकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहून मान हलवली. नको.

"जय हिंद," मी म्हटलं आणि खाली बसले.

*

मला कुणी रागावलं नाही. उलट घरी गेल्यावर लीलाआत्यानं मला जवळ ओढून उगाचच माझे केस विंचरले. मी विचारलं, "आत्या, भाषण चांगलं नाही झालं का?" ती म्हणाली, "झालं गं. फारच झालं."

बारसं त्याच संध्याकाळी होतं. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्या, बायकांची गर्दी. आईनं बाळाला नवं झबलं घातलं, टोपडं घातलं. काजळाची डबी पदराला होती, पण तिनं ती उघडली नाही. बाळाचा गाल कोरा होता. मी मुद्दाम दोन्ही बाजूंनी बघितलं. शेजारची काकू म्हणाली, "अगं, तीट? एवढ्या बायका आल्यात!" आईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एवढी घाबरट बाई, आणि आज इतक्या डोळ्यांसमोर तिनं पोर तसंच काढलं होतं.

"नाव?" आत्यानं विचारलं. "रणजित ना, आबा?"

आबा दारात टेकून उभे होते. "ते राहू दे. आनंदा ठेव."

"आनंदा? साधंच?"

"साधंच."

आत्या बाळाच्या कानाशी वाकली, तेवढ्यात अण्णा बायकांमधून वाट काढत आत आले. बारशाच्या गर्दीत पुरुष असे येत नाहीत. बायका पदर सावरत बाजूला झाल्या. अण्णा पाळण्यापाशी उभे राहिले.

"तीट कुठाय त्याचं?" ते म्हणाले.

आईनं त्यांच्याकडं पाहिलं. "लावू?"

"डबी दे."

आईनं पदराची गाठ सोडली. अण्णांनी बोट काजळात बुडवलं. तीट गालावर गोल उमटलंच नाही, कानापर्यंत ओढलं गेलं. बाळ जागं झालं आणि तोंड वाकडं करून बापाकडं बघायला लागलं. अण्णांनी खाली वाकून त्याला उचललं. बाळानं आधी त्यांच्या शर्टाचं बटण पकडलं, मग तोंडात घातलं.

आत्या म्हणाली, "दादा, नाव तरी ठेवू दे की त्याचं," आणि मग सगळ्या एकदम हसल्या, डोळे पुसत हसल्या. अण्णांच्या कडेवरच बाळाचं नाव ठेवलं गेलं. पाळणा रिकामाच हलत राहिला.

*

'तेवढंच आहे' याचा अर्थ मला कधी कळला, हे नीट सांगता येत नाही. आठवी-नववीत असताना एकदा अर्धा कळला. मी पुण्यात राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केलं तेव्हा या विषयावर वादविवाद झाले, लोकशाही देशानं दुसऱ्याच्या घरात फौज पाठवावी की नाही. मी दोन्ही बाजूंनी बोलले आणि दोन्ही बाजूंनी बक्षिसं घेतली. उदाहरण मात्र पुन्हा कधी दिलं नाही.

आबा गेले त्या वर्षी मी अण्णांना विचारलं, त्या दिवशी बाकड्यावर काय बोललात तुम्ही. अण्णा म्हणाले, "आबांनी विचारलं, गोळा कुणाचा? मी म्हटलं, दोन्हीकडनं चालू होतं, आबा, कळलं नाही. बस. एवढंच."

आता माझी मुलगी सात महिन्यांची आहे. हे लिहिताना मी मधेच उठून तिचा श्वास ऐकून आले. मी डॉक्टरांना विचारून सगळं करणारी बाई, काजळ डोळ्यात घालू नये हेही मला माहीत आहे. तरी गालावर तीट लावल्याशिवाय मी तिला दारापर्यंतसुद्धा नेत नाही. नवरा हसतो. मागल्या रविवारी तो टीव्हीसमोर बसला होता, बातम्यांत कुठल्या तरी देशातली पडलेली घरं दाखवत होते. "सरळ सैन्य घुसवायला पाहिजे यांच्यात," तो म्हणाला. "बघत काय बसलेत सगळे!" मग मागं वळला. "अण्णा, तुम्ही तर जाऊन आलाय. पाहिजे की नाही?"

अण्णा गावाहून नातीला बघायला आले होते. तिला मांडीवर घेऊन बसले होते. टीव्हीकडं त्यांनी पाहिलं, घरांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग नातीचं झबलं सरळ केलं.

मी डबी आणली, तिच्या गालावर तीट लावलं. यावेळी अण्णा उठले नाहीत. तिनं त्यांच्या घड्याळाचा पट्टा पकडून तोंडात घातला.

"केवढी झाली गं ही?" त्यांनी विचारलं. कालच विचारलं होतं, परवाही.

"सात महिन्यांची, अण्णा."

त्यांनी तिच्या तोंडातून पट्टा काढला नाही.

"वाढू दे," ते म्हणाले.